कप वेगळा, खिडकी बंद

सटाणा,
७ सप्टेंबर २०२५

आई,

जय भीम. आधी ‘सप्रेम’ लिहायला घेतलं होतं, पण पेन अडलं. पहिल्याच शब्दात खोटं नको, म्हणून नुसतंच जय भीम.

काल राकेशचा फोन आला. तुला टीबी झालाय, गोळ्या सुरू झाल्यात, असं म्हणाला. मग म्हणाला, “ताई, आईशी बोल ना.” मी नाही म्हटलं. आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला भांडण पेटतं आणि चौथ्याला तू फोन संजनाच्या हातात कोंबतेस. भावजयीला मध्ये घालून भांडायचा मला कंटाळा आलाय. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होईल. डोळ्यांना दिसत नाही हे कारण सांगू नकोस. तू सातवी पास आहेस आणि वंदनेचं पुस्तक अजून रोज वाचतेस, हे मला ठाऊक आहे.

मला दोनच गोष्टी सांगायच्यात.

एक म्हणजे गोळ्या. सहा महिने, न चुकवता, बरं वाटायला लागलं तरी. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून हे सांगत नाही. मी त्या गिळल्यात म्हणून सांगते.

दुसरी खिडकी. संजना सांगत होती की तू मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलंस. कप वेगळा, ताट वेगळं, ते तूच घासतेस आणि कोपऱ्यात पालथं घालतेस. खिडकी मात्र बंद. आमू दाराशी येऊन ‘आजी, आजी’ करते तेव्हा तिला हाकलतेस, पण ती संजनाचा डोळा चुकवून आत शिरतेच, कारण तीन वर्षांची पोर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आणि मग ती त्या कोंदट खोलीत तुझ्या पायाशी भातुकली मांडून बसते.

आई, हा आजार कपातून जात नाही. ताटातूनही जात नाही. तो हवेतून जातो. तू खोकलीस की जंतू खोलीतल्या हवेत तरंगत राहतात. खिडकी उघडी असली की वारा त्यांना बाहेर नेतो आणि ऊन त्यांना मारतं. म्हणजे ज्याची गरज नाही ते तू मन लावून करतेस आणि ज्याची गरज आहे ते करत नाहीस. माझ्या वेळी केलंस अगदी तसंच. कप वेगळा, खिडकी बंद.

हे वाक्य लिहायचं नव्हतं. पण आता लिहिलंच आहे, तर पुढचंही लिहिते.

दर चौदा एप्रिलला तू आम्हाला एक गोष्ट सांगायचीस. दिंडोरीकडच्या तुझ्या माहेरच्या गावात, मळेवाल्याच्या गोठ्यातल्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. आजी मळ्यात खुरपायला गेली की तिला त्यात वरून चहा ओतायचे. पिऊन झाला की तिनेच तो धुवायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. तू लहान असताना एक दिवस तो उचलून दगडावर आपटलास. आजीने तुला बदडलं आणि बदडता बदडता तिला हसू फुटलं. गोष्ट इथवर आली की राकेश टाळ्या वाजवायचा. मला वाटायचं, आपल्या आईसारखी आई अख्ख्या कॉलनीत नाही.

आणि मग मी बारावीत असताना खोकायला लागले. दवाखान्यातून टीबीचं निदान आलं आणि त्याच संध्याकाळी तू माझा कप बाजूला काढलास. निळ्या फुलांचा. मोरीच्या वरच्या फळीवर एकटा. मीच धुवायचा, मीच ठेवायचा. तू फोडलेला कप तूच माझ्यासाठी परत आणलास, आई.

मी बरी झाले, शिकायला बाहेर पडले ती पडलेच. राकेशच्या लग्नात आले तेव्हा पिण्याच्या पाण्याची बाटली सोबत घेऊन आले होते. मांडवात सगळ्यांसमोर ती उघडून प्यायले. तू ते पाहिलंस, आणि तू पाहावंस म्हणूनच मी प्यायले होते.

असो. गोळ्या घे. खिडकी उघड.

मोहिनी


सटाणा,
२८ सप्टेंबर २०२५

आई,

जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही. राकेश म्हणतो पत्र उशीखाली आहे आणि खिडकी होती तशीच आहे. संजनाने तुझा निरोपही सांगितला, ‘लय शिकली. म्हणावं, हवेतला जंतू दिसला का तुला?’ बिचारी सांगताना हसू दाबत होती. तिला रागावू नकोस. मलाही हसू आलं.

नाही दिसला. कुणालाच दिसत नाही. पण तो अंगात शिरल्यावर काय होतं ते सांगते. परवा नववीच्या वर्गात हेच शिकवलं आणि शिकवताना सारखी तुझी खोली डोळ्यांसमोर येत होती.

आपलं अंग पेशींचं बनलंय. त्यातल्या काही पेशींचं काम एवढंच, की बाहेरचं काही आत आलं की गिळायचं. साधे जंतू त्यांच्या पोटात गेले की विरघळतात, विषय संपतो. टीबीचा जंतू विरघळत नाही. त्याच्या अंगावर मेणचट थर असतो. ज्या पेशीने त्याला गिळलं तिच्याच पोटात तो मजेत बसतो, वाढतो, आणि शेवटी तिलाच मारतो. मग बाकीच्या पेशी येतात. त्यांनाही तो मारता येत नाही. पण त्या पळून जात नाहीत. त्याच्याभोवती कडं करून, एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. आतल्या मरतात, बाहेरून नव्या येऊन जागा घेतात. जंतू मध्ये कोंडला जातो.

मागे कॉलनीत नळाजवळ साप निघाला होता, आठवतंय? सगळ्या बायका हंडे-कळशा घेऊन गोल उभ्या राहिल्या होत्या. मारायला एकही धजत नव्हती आणि हलायलाही एकही तयार नव्हती. बाबा पाळी संपवून कारखान्यातून येईपर्यंत तुम्ही तशाच उभ्या. वर्गात मी हेच उदाहरण दिलं. तुझं नाव नाही सांगितलं.

एका मुलीने हात वर केला. इकडची पोरं आपसात अहिराणी बोलतात, वर्गात विसरून तीच बोलून जातात. ती म्हणाली, “मॅडम, मंग तो जंतू मरस नही का?”

मी म्हटलं, बहुतेक वेळा मरत नाही. झोपून राहतो. माणूस हिंडतो-फिरतो, खोकत नाही, दुसऱ्याला देत नाही, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. कुणाकुणाच्या बाबतीत ते कडं जन्मभर टिकतं. कुणाचं म्हातारपणी ढिलं पडतं, अंगात साखर वाढली की ढिलं पडतं, खाण्यापिण्याची आबाळ झाली की पडतं. मग तो उठतो.

तुझी साखर किती आहे हे मी राकेशला विचारलं. त्याने सांगितलं नाही, म्हणजे बरीच असणार.

आणखी एक सांगून टाकते. गेल्या आठवड्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मी नाशिकला आले होते. काम लवकर संपलं. सीबीएस बसस्टँडला तुमच्या सातपूरची बस समोरच लागलेली होती, पाटी वाचली, कंडक्टरने ‘चला सातपूर, सातपूर’ अशी हाकही दिली. मी स्टँडवर चहा घेतला आणि सटाण्याची गाडी पकडली. वेळ नव्हता असं राकेशला सांगितलं. वेळ होता.

खिडकी उघड ना. आमू तुझ्या खोलीत जाते.

मोहिनी


सातपूर,
१२ आक्टोबर

चि. मोहिनी,

जय भीम. तुझी दोन्ही पत्रं भेटली. लय मोठं मोठं लिवतीस. शाळेतली पोरं ऐकत असतील, मी तुझी आई हाय.

खिडकीचं ऐक. ती खिडकी गल्लीत उघडती. समोर कलाबाईचं दार. त्या बाईला सकाळपासून दुसरा धंदा नाय. मी खोकले का ती तांदूळ निवडता निवडता मान वर करती. आज तिला कळलं का उद्या समद्या कॉलनीला कळंल. तुला म्हाईत नसंल, संजना आता डबे देती. कारखान्यातली एकटी राहणारी पोरं घेत्यात. तिच्या हाताला चव हाय. राकेशचं काम कधी असतं कधी नसतं, घर त्या डब्यांवर चालतं. सासूला टीबी हाय म्हणल्यावर तिचा डबा कोण घेईल? हवेतनं जातो का ताटातनं जातो, ते लोक तुझ्या नववीत बसून शिकलेले नायत.

तुझ्या वेळेला बी मी खिडकी त्याच्यापाईच लावून घेतली. पोरीला टीबी म्हणल्यावर स्थळ आलं नसतं. तू लग्न केलंच नाय ती गोष्ट येगळी.

अन् मला हवेचं सांगू नको. तू आजारी व्हती तवा त्याच बंद खोलीत तुझ्या उशाशी कोण झोपत व्हतं? तुझा बाप राकेशला घेऊन भायेरच्या खोलीत. मी तुझ्या अंथरुणाला अंथरूण लावून. तू खोकली का उठून पाठ चोळायचे. थुंकीचं भांडं मीच धरायचे. तू बरी होईस्तोवर एक रात बी मी दुसरीकडं पाठ टेकली नाय. मला काय झालं तवा? काय बी नाय. साधी शिंक आली नाय. हवेतनं जात असता तर पयला मला झाला असता. म्हणून म्हणते, पुस्तकात लिवलेलं समदं खरं नसतं.

आता एक सांगते ते तुझ्यापाशीच ठेव. गोळ्या मी घेत नाय. पयल्यांदा घेतल्या, तर लघवी लालभडक. रक्त जातंय. आतनं काय तरी फाटलं. पोराला असलं कसं सांगू? सून बी बिचारी आधीच घाबरली. तू बाईमाणूस म्हणून तुला सांगते. राकेश समोर उभा राहून गोळी देतो, ती मी जिभेखाली धरते अन् तो कामावर गेला का मागच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरते. खोकला परत वाढला थोडा. कढीपत्ता लय फोफावलाय.

माझं काय आता. साठी झाली. तुझा बाप गेला, त्याच्या मागं एवढी वर्षं राहिले, लय झालं.

कपाचं लिवलं ते वाचलं. त्याच्यावर आत्ता काय बोलत नाय.

तुझी आई,
विमल


सटाणा,
१५ ऑक्टोबर २०२५

आई,

आधी कामाचं.

गोळ्यांचं मी राकेशला सांगितलं. तू ‘तुझ्यापाशीच ठेव’ म्हणालीस, मी ठेवलं नाही. पत्र शाळेत हातात पडलं, मी तिथूनच त्याला फोन केला. तुला राग येईल, येऊ दे. उद्यापासून तुमच्या भागातल्या आशा कार्यकर्त्या अंजलीताई रोज सकाळी घरी येतील. त्यांच्यासमोर गोळी गिळायची, वर पाणी प्यायचं आणि जीभ उचलून दाखवायची. मध्ये गोळ्या बंद झाल्यात, म्हणून थुंकी पुन्हा तपासायची आहे. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, निबर होतो. मग याच गोळ्या त्याला पुरत नाहीत.

ते रक्त नाही, आई. त्या गोळीचाच रंग आहे. लघवी केशरी होते, लाल होते, घामाने पोलक्यालाही डाग पडतो. माझीही झाली होती. मीही तेव्हा घाबरले होते, मोरीत बसून रडले होते आणि तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आज तुला कळलं असतं. एका घरात राहून आपण दोघींनी काय काय लपवलं, देव जाणे. देव मानत नाही, तरी तोंडात येतं.

आता दुसरं. हे लिहायला कितीदा बसले आणि कितीदा उठले.

‘मला काय झालं तवा? काय बी नाय,’ असं तू लिहिलंस. मी स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या वाचत होते, ते वाचून खुर्ची ओढून बसले. शिपाईकाकांनी पाणी आणून दिलं.

झालं होतं, आई. तेव्हाच झालं होतं.

तुझ्या वेड्या पुराव्यानेच ते मला कळलं. बंद खोली, महिनोन्‌महिने, अंथरुणाला अंथरूण. मी खोकत होते आणि तू तीच हवा ओढत होतीस. जंतू तेव्हाच तुझ्या छातीत गेला असणार. तुझ्या पेशींनी त्याला गिळलं, त्या मेल्या, दुसऱ्या आल्या, कडं करून उभ्या राहिल्या. तुला शिंकही आली नाही कारण त्या हलल्याच नाहीत. मी हॉस्टेलवर गेले तेव्हा त्या उभ्या होत्या. बाबा गेले तेव्हा उभ्या होत्या. राकेशच्या लग्नात मी बाटलीतलं पाणी प्यायले, तेव्हाही तुझ्या छातीत माझा आजार होता आणि तू तो कुणाला दिला नव्हतास. आता साखर वाढली, वय झालं, म्हणून त्या थकल्या.

तपासणी केंद्रातल्या डॉक्टरबाईंचा नंबर संजनाकडून घेतला आणि त्यांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, असं ठामपणे कुणी सांगू शकत नाही. बसमध्ये लागू शकतो, बाजारात लागू शकतो. पण तुम्ही म्हणता तसंही असू शकतं. मी म्हटलं, तसंच आहे. त्या म्हणाल्या, “ताई, त्यात तुमचा काही दोष नाही.” मला दोषाचं काही वाटत नव्हतं. मला भलतंच काहीतरी वाटत होतं आणि ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

मला कप आठवत होता. त्याची निळी फुलं, कडेचा टवका, फळीवरची जागा, सगळं. तुझा हात आठवत नव्हता. आता आठवला. खोकला आला की पाठीवर गोल गोल फिरायचा, बांगड्या किणकिणायच्या, आणि तू अर्धवट झोपेत ‘झालं, झालं’ म्हणायचीस. एवढी मोठी गोष्ट मी कशी विसरले? मला वाटतं, ती विसरल्याशिवाय मला तुझ्यावर इतकी वर्षं रागावता आलं नसतं.

राग गेलाय असं समजू नकोस. कप वेगळा केलास तो केलासच. दिवसा माझ्या कपाला भ्यायचं आणि रात्री माझ्या तोंडाशी तोंड करून झोपायचं, हे तुझं डोकं कसं चालतं मला कळत नाही. पण आई, मी काल रात्रीपासून रडतेय आणि ते रागाने नाही.

आता आमू. तुझ्या पेशींनी निभावलं. तीन वर्षांच्या पोरीच्या पेशींनी असा जंतू कधी पाहिलेला नसतो. कडं करायलाही त्यांना अजून नीट येत नाही. लहान पोरांत तो छातीत थांबत नाही, डोक्यातही जातो. तू गोळ्या कुंडीत पुरत होतीस आणि ती तुझ्या पायाशी बंद खोलीत खेळत होती. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. तिला उद्याच तपासायला न्यायचं, संजना आणि राकेशलाही. आजार नसला तरी तिला तो होऊ नये म्हणून गोळ्या देतात, त्या सुरू करायच्या.

डब्यांचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पहिलं पत्र मी वेगळं लिहिलं असतं. संजनाच्या डब्यातून कुणालाही काही होणार नाही हे खरं आहे, पण लोक तसं मानणार नाहीत हेही खरं आहे. मला एवढंच कळतं की कलाबाईला भिऊन खिडकी बंद ठेवायची, ते आपण माझ्या वेळी करून पाहिलंय. त्यात फक्त तू आजारी पडलीस.

‘माझं काय आता’ असं परत लिहू नकोस. तुझं काय ते मला विचार.

मोहिनी


सातपूर,
२ नोव्हेंबर

चि. मोहिनी,

जय भीम. तू सांगितलं त्याचा राग आला. राकेश माझ्यासमोर कुंडी उकरत बसला, एक एक गोळी काढून बाजूला मांडत व्हता. पोरानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिसापासून गोळी गिळते. अंजलीताई मास्तरणीवाणी उभी राहती अन् जीभ बघती. मळमळतं, पण भाकरीचा कुटका खाल्ल्यावर घेतली का बरं वाटतं. थुंकी परत तपासली. ती म्हणती, याच गोळ्या चालतील, उशीर झाला नाय.

आमूला तपासलं. फोटू काढला, सुई टोचली. आजार नाय. पण तू म्हणाली तशा गोळ्या दिल्यात. ती चघळून खाती अन् ‘आजी, माझी पण जीभ बघ’ म्हणती. तिची तपासणी व्हईस्तोवर माझ्या घशाखाली घास उतरला नाय, मोहिनी. तुझ्या वेळेला बी असंच व्हायचं.

खिडकी उघडली. बिजागरी गंजली व्हती, राकेशनं तेल घातलं तवा उघडली. कलाबाई व्हतीच समोर. मान वर केली अन् म्हणली, “काय विमलाबाई, लय दिसांनी?” मी म्हणले, “टीबी झालाय मला. डाक्तरनं हवा घ्यायला सांगितली.” म्हणून टाकलं एकदाचं. ती सूप खाली ठेवून उठली, मला वाटलं गेली आता गावभर. ती आली खिडकीपाशी. पदर तोंडाला लावला अन् हळू बोलली, “माझ्या थोरल्याला बी झाला व्हता. मामाकडं मालेगावला धाडलाय म्हणून सांगितलं व्हतं मी. घरातच व्हता.”

तवा तिचं मागचं दार कायम लावलेलं असायचं. मला वाटायचं नवरा-बायकोत भांडण हाय. म्हणजे ती तिच्या दाराआड अन् मी माझ्या खिडकीआड, दोघी एकमेकीला भीत बसलो.

डबे बंद झाले काही. एक पोरगा परत आला, म्हणला, मावशी, मेसचं खाऊन पोट बिघडलं. बाकीचे नाय आले. संजना म्हणती, येतील. येतील का नाय मला म्हाईत नाय. घरात वढाताण हाय, पण ती मला काय बोलत नाय, अन् ती बोलत नाय याचंच मला जास्त लागतं.

आता कपाचं.

तो मीच काढला. तुझ्या बापानं नाय, कुणी सांगितलं बी नाय. राकेश लहान व्हता, मी भ्याले. माझं मला काय वाटत नव्हतं. तुझ्यासंगं जे व्हईल ते मला व्हईल, येवढं मी धरूनच चालले व्हते. पण दोन्ही लेकरं जातील याचं भ्या वाटलं, अन् हाताला जे सुचलं ते केलं. आमच्या हाताला तेच म्हाईत व्हतं, भ्या वाटलं का कप बाजूला काढायचा. लोकांनी आमच्याबरुबर तेच केलं, अन् मी तेच उचललं. फळीवर ठेवताना मला गोठ्यातला कोनाडा दिसला व्हता. दिसून बी ठेवला. ते चुकलं माझं. तुला कधी बोलले नाय, कारण तू ऐकायला कधी बसलीच नाय, अन् मी बी कधी बस म्हणले नाय.

पण पोरी, तो कप कवाच फुटला. तू हॉस्टेलला गेली त्याच साली. राकेशनं घरात चेंडू मारला, फळीवरनं पडला, मी केर काढताना टाकून दिला. तूच तो येवढी वर्षं जपून ठेवला.

तुझा जंतू माझ्या छातीत राहिला असं लिवलं ते मी लय वेळा वाचलं. तुला वाटत असंल आईला वाईट वाटंल. नाय वाटलं. खरं सांगू? बरं वाटलं. तू घरातनं जाताना काय बी ठेवून गेली नव्हती. वह्या नेल्या, कपडे नेले, भिंतीवरचा फोटू नेला. तुझं काय तरी माझ्यापाशी राहिलं व्हतं, अन् मी ते कुणाला लागू दिलं नाय. आता गोळ्या खाऊन ते मारायचं हाय. मारते. आमूसाठी मारते. पण तू ये मंग. एक जायचं तर दुसरं यायला पायजे.

आता माझ्या खोकल्यानं कुणाला व्हत नाय, असं अंजलीताई म्हणती. तरी तू खिडकीपाशी बस.

तुझी आई,
विमल


सटाणा,
५ नोव्हेंबर २०२५

आई,

सप्रेम जय भीम.

शनिवारी येते. दुपारपर्यंत सातपूरला पोचेन, जेवायला थांबा. भाकरी कर म्हणत नाही, तुला धाप लागते. संजनाच्या हातचं खाईन, आणि तिला सांग, जाताना एक डबाही नेणार आहे, सटाण्यापर्यंत. आमूला काय आवडतं ते राकेशला विचारून ठेव. भांडण झालं तर होऊ दे, खिडकी उघडी आहे, कलाबाईलाही ऐकू जाऊ दे.

पाण्याची बाटली आणत नाही.

तुझी,
मोहिनी